यजमान आम्हीच!

(रंगमंचावर प्लास्टिकची खुर्ची, शेजारी रिकामा हंडा. शहापूर तालुक्यातला पन्नाशीचा गडी हात जोडत येतो.)

या, बसा. पाणी विचारत नाही, राग मानू नका. एप्रिल चालू आहे.

असाच एप्रिल होता. २ एप्रिल २०११. वर्ल्ड कपची फायनल, वानखेडेवर, समोर श्रीलंका. लोक म्हणतात, यजमान मुंबई. कसली मुंबई! तानसा कुठल्या तालुक्यात? शहापूर. भातसा? शहापूर! मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. म्हणजे संगकारा तोंड धुणार ते आमच्या पाण्यानं. राष्ट्रपती प्रतिभाताई आल्या, श्रीलंकेचे राजपक्षे आले, त्यांचा चहा... (छातीवर हात) भातसा!

आणि आम्ही? सकाळपासून टँकरची वाट बघत.

त्यात मुरबाडहून मेहुणा आलेला. टेकला नाही तोच म्हणतो, "दाजी, घरच्या मैदानावर आजवर एकाही देशानं फायनल जिंकलेली नाही. इंग्लंड १९७९ ला लॉर्ड्सवर हरलं. आपण १९८७ ला ह्याच वानखेडेवर सेमीफायनल घालवली. गूच स्वीप मारत सुटला, आपण बघत बसलो."

अशा माणसाला कोंबडी घालायची! बायकोचा भाऊ. घातली.

टॉस दोनदा झाला. एवढा गोंगाट, की संगकारा काय बोलला ते कुणाला ऐकूच गेलं नाही. बायको म्हणाली, "आंतरपाट धरला आणि नवरीच सापडेना, तसं झालं हे." मी म्हटलं, "अगं, शुभ बोल. घरचं कार्य आहे."

त्यांनी २७४ केले. जयवर्धनेचं शतक. आमचा सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर पायचीत. भोपळा! अख्ख्या पाड्यावर एकच टीव्ही, तोही अंगणात काढलेला. चारही बाजूंनी माणसं, पण आवाज फक्त रातकिड्यांचा. मग सचिन गेला, अठरावर. मेहुण्यानं घसा खाकरला, "१९७९ ला..."

मी म्हटलं, "पाव्हणं, मुरबाडची गाडी चुकली असेल तर चालत निघा. म्हशाच्या जत्रेला जाता ना चालत?"

गंभीर चिवट. चिखलानं माखलेला शर्ट, भात लावून आल्यासारखा! सत्त्याण्णवावर त्याचा त्रिफळा उडाला आणि नेमका तेव्हाच... (कान टवकारतो) पों पों! टँकर!

एरवी टँकर विहिरीवर पोचायच्या आत हंड्यांची मारामारी. त्या रात्री विहिरीवर चिटपाखरू नाही. ड्रायव्हर तावातावानं आला, "ओतायचंय की नेऊ परत?" मग टीव्हीकडे बघून हळूच, "किती हवेत?" आणि बसला की फतकल मारून, माझ्याच पुढ्यात! बायको म्हणाली, "भाऊ, पाणी?" तो म्हणाला, "थांबा हो वहिनी, एवढी ओव्हर होऊ द्या."

कुलसेकराचा चेंडू. धोनी. (मान वर, नजर दूर जाते) लाँगऑनवरून... गेला!

अठ्ठावीस वर्षांनी कप! ड्रायव्हर धावत सुटला आणि आनंदाच्या भरात टँकरचा कॉकच उघडला. धो धो पाणी! सगळा पाडा त्याखाली नाचतोय. मेहुणा नाचतोय, १९७९ विसरून. मी नाचतोय, बनियनवर.

तेवढ्यात आमची आजी आली काठी आपटत. "बंद कर मेल्या तो कॉक! कप मुंबईत जिंकला ना? मग नाचायचं पाणीपण मुंबईतनंच आणा!"