पाटी बदलून मिळेल!

लंडनच्या मार्शम स्ट्रीटवर एक सरकारी खातं आहे. इंग्लंडभरच्या नगरपालिकांवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. पण त्यातून सवड काढून ते आपलं नाव बदलत असतं. 2006 साली 'समुदाय आणि स्थानिक शासन' या नावानं त्याचं बारसं झालं. 2018 मध्ये पुढे 'गृहनिर्माण' लागलं. 2021 मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना मागे पडलेल्या भागांचा कळवळा आला, म्हणून नावात विषमता-निवारण शिरलं आणि जागा करायला 'स्थानिक शासन' बाहेर पडलं. 2024 मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि त्यानं 2018 चं नाव परत आणलं. अठरा वर्षांत चार बारशी, बाळ तेच!

या खात्याचं स्थानिक स्वराज्यावर फार प्रेम. 2011 मध्ये त्यासाठी खास कायदाच केला. पालिकांनो, आता तुम्ही स्वतंत्र! फक्त घरपट्टी किती वाढवायची याची मर्यादा मंत्री ठरवणार; ती ओलांडायची तर आधी सार्वमत घ्या. त्याच सुमारास मंत्री एरिक पिकल्स यांनी कचरा दर आठवड्याला उचलला जावा म्हणून 25 कोटी पौंड बाजूला काढले. गल्लीतला डबा कधी रिकामा व्हावा, याची चिंता थेट दिल्लीला, म्हणजे लंडनला!

पुढे विषमता मिटवायला 480 कोटी पौंडांचा निधी निघाला. त्यासाठी गरीब पालिकांनी एकमेकींशी स्पर्धा करत अर्ज भरायचे होते. 2023 च्या फेब्रुवारीत तर गंमतच झाली. अर्थखात्यानं फर्मावलं की, या खात्यानं नवा भांडवली खर्च आम्हाला विचारल्याशिवाय करू नये. जगाला शिस्त लावणाऱ्याचा खिसा घरच्यांनीच शिवून टाकला.

त्याच वर्षी सप्टेंबरात बर्मिंगहॅम पालिकेनं हात वर केले. महिला कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाची थकलेली देणी, फसलेली संगणकप्रणाली आणि वर केंद्राचं आटलेलं अनुदान. खात्यानं तातडीनं मदत पाठवली: आयुक्त! त्यांचं मानधन अर्थातच कंगाल पालिकेनंच द्यायचं. 2025 मध्ये सफाई कामगार संपावर गेले, रस्त्यांवर हजारो टन कचरा साचला आणि फिरत्या कचरागाडीपुढे काळ्या पिशव्या घेऊन नागरिकांची रांग लागली. साप्ताहिक कचऱ्याची चिंता करणारे मंत्री तोवर कधीच पदावरून गेले होते. त्याच वर्षी गृहनिर्माणमंत्री अँजेला रेनर यांना राजीनामा द्यावा लागला. कारण? स्वतःच्या घरावरचं मुद्रांक शुल्क कमी भरलं!

हसू नका. याच इंग्रजांच्या व्हाइसरॉय लॉर्ड रिपननं 1882 मध्ये आपल्याला स्थानिक स्वराज्याचा धडा दिला, आणि आपण तो चांगलाच गिरवला. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथं प्रशासकच होता. बर्मिंगहॅमला आयुक्त धाडले तेव्हा निदान नगरसेवक तरी जागेवर होते. तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी दारात मत मागायला कुणी आलं, तर पाटीवरचं नाव वाचू नका. तिजोरीची किल्ली कुणाकडे आहे, एवढंच विचारा.