पापलेट संघाची आरोळी

चित्रकलेचा शिक्षक म्हणजे रिकामा माणूस, असा मुख्याध्यापकांच्या जातीचा पिढीजात समज आहे. गणिताच्या बाईंना पेपर तपासायचे असतात, विज्ञानाच्या सरांचा तास बुडता कामा नये. माझ्याकडे काय, रंगपेटी! त्यामुळे जनगणना, निवडणूक आणि स्काऊट ही तिन्ही खाती न मागता माझ्या गळ्यात पडली. पैकी पहिल्या दोन्हींत निदान वयाला शोभतील असे कपडे घालता येतात. पन्नाशीच्या माणसानं गळ्यात स्कार्फ, त्याला वॉगल, डोक्याला टोपी आणि खांद्याला शिट्टीची दोरी अशा थाटात पालघर स्टेशनवर उभं राहिलं, की लोक गाड्यांची चौकशी करायला येतात. मीही सांगून टाकतो. स्काऊटच्या नियमांत विनयशीलता आहेच.

बेडन-पॉवेल साहेबांनी पहिलं शिबिर भरवलं ते 1907 च्या ऑगस्टात, इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर, वीसेक मुलं घेऊन. ऑगस्टात! ते बेट पालघर तालुक्यात असतं तर स्काऊट चळवळ दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूसकट खाडीला मिळाली असती. आम्ही आपले पाऊस सरला, भातकापणी आटपली, की मगच शिट्टी काढतो. कापणी चालू असताना शिबिर ठेवलं तर अर्धी मुलं शेतावर असतात, आणि ते बरोबरच आहे.

आमची मुलं कुठली, तर सगळीकडची. कोणाचे वडील तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात कंत्राटी कामाला, कोणाचे बोईसरच्या कारखान्यात रात्रपाळीला. काही सातपाटीची मांगेला समाजाची, तर काही पूर्वेकडच्या पाड्यांवरची वारली. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याला एक संघनायक, आणि संघाला एखाद्या पशूचं नाहीतर पक्ष्याचं नाव. इथवर पुस्तकाप्रमाणे झालं. एका संघानं 'बिबट्या' घेतलं, दुसऱ्यानं 'गरुड'. सातपाटीच्या पोरांनी मात्र एकमुखानं सांगितलं, "पापलेट."

"अरे, शूर प्राणी घ्या एखादा."

"सर, पापलेट राज्यमासा आहे. 2023 साली सरकारनं जाहीर केलंय. बिबट्या कशात आहे? राज्यप्राणी तर शेकरू आहे."

चित्रकलेच्या माणसाला सामान्य ज्ञानात अडवणं सोपं असतं. मी शेवटचं अस्त्र काढलं. प्रत्येक संघाला आपल्या प्राण्याची आरोळी द्यावी लागते. बिबट्यावाले गुरगुरले, गरुडवाल्यांनी कानठळ्या बसवल्या. मी म्हटलं, "आता पापलेट ओरडतं कसं, ते दाखवा." संघनायक पुढं आला, घसा खाकरला आणि बंदरावरचा लिलाव सुरू झाला: "आठशे! साडेआठशे! नऊशे! बोला लवकर, नऊशे!" मागून सगळा संघ एका सुरात, "दिलं!"

जिल्हा मेळाव्यात ही आरोळी झाली तेव्हा परीक्षकांपैकी एकानं सवयीनं हजाराची बोली लावली.

'तयार रहा' हे आमचं ब्रीद. ते शिकवताना मी संकटकाळी काय करावं हा धडा घेतला. कंत्राटी कामगाराचा मुलगा उठून म्हणाला, "अणुकेंद्रातून काही गळती झाली तर घरात जायचं आणि दारं-खिडक्या बंद करायच्या." केंद्र चालू झालं 1969 साली, तेव्हा हे ज्ञान त्याच्याकडे आजोबांपासून चालत आलेलं. तलासरीकडचा मुलगा उठला. "भूकंप झाला तर घराबाहेर मोकळ्यावर यायचं." तेही खरं. डहाणू-तलासरीला नोव्हेंबर 2018 पासून जमीन जी हलायला लागली, ती पोरांनी पायानं अभ्यासली आहे. मी दोघांना शाबासकी देत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरून शंका आली: "सर, दोन्ही एकदम झालं तर?"

वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मी उंबरठ्याकडे बघितलं. नशिबानं घंटा झाली.

तंबूत झोपण्यातला आनंद मी वर्णन करून सांगत होतो, तेव्हाही हाच तलासरीचा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, भूकंप व्हायचे तेव्हा थंडीत आम्ही बाहेरच झोपायचो. त्यात मजा काय?" त्यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण त्या वर्षी तंबूची जागा निवडायचं काम मी त्याला देऊन टाकलं. त्यानं आधी वरच्या फांद्या पाहिल्या, मग पाणी कुठून वाहील ते पाहिलं, आणि मी निवडलेली सुंदर सखल जागा एका शब्दात रद्द केली.

वाऱ्याची दिशा ओळखायला पुस्तकात बोट ओलं करून वर धरायला सांगितलंय. बोईसरची पोरं नुसतं नाक वर करतात. एकानं हुंगून सांगितलं, "पश्चिमेचा नाही सर, समुद्राचा वास येत नाही. हा कारखान्यांकडचा." दिशा अचूक निघाली. हे कौशल्य बॅजला पात्र आहे की तक्रार अर्जाला, हे मला ठरवता आलेलं नाही.

पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीतून आम्ही काळदुर्गावर चढतो. खिंडीत वाघोबाचं देऊळ आणि माकडांचं राज्य. 'स्काऊट प्राणिमात्रांचा मित्र असतो' हा पाचवा नियम मी तिथंच उभा राहून समजावत होतो, आणि एक प्राणिमात्र माझा डबा घेऊन झाडावर गेला. पाड्यावरच्या मुलांचे डबे शाबूत, कारण त्यांनी डबे बाहेर काढलेच नव्हते. खिंडीत थांबून वाघोबाला हात जोडून ती केव्हाच वर निघाली होती. गडावर पोचलो तेव्हा त्यांतल्या एकानं मला आपली अर्धी भाकरी दिली, आणि वर विचारलं, "सर, पाचव्या नियमात माकडं पण धरायची?"

नेतृत्वगुण म्हणतात ते मला केळव्याच्या शिबिराला जाताना दिसले. विरारच्या पुढं लोकल डहाणूपर्यंत आली 2013 साली. तेव्हापासून आमच्या पट्ट्यात गाडीतून वेळेवर उतरणं हे साहसी क्रीडाप्रकारांत मोडतं. केळवे रोडला गाडी थांबते किती, तर शिट्टी तोंडाकडे न्यावी इतकी. प्रत्येक संघनायकानं आपापली डोकी मोजायची, असं ठरलेलं. सगळे उतरले, फक्त गरुड संघातला आमचा सर्वांत विनयशील स्काऊट राहिला. दारात उभा राहून तो "आधी तुम्ही उतरा, आजी, आधी तुम्ही" करत होता. आजी उतरल्या, त्यांची करंडी उतरली, करंडीमागून एक काका उतरले, आणि गाडी याला घेऊन सफाळ्याला गेली.

माझ्या डोळ्यांपुढं मुख्याध्यापक, पालकसभा आणि निवृत्तिवेतन अशी चित्रं क्रमानं यायला लागली. शिट्टी वाजवावी तर ऐकायला गाडी नाही. संघनायक, आठवीतला किडकिडीत पोरगा, माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, तुमचा फोन द्या." नंबर त्याला पाठ होता. "मामी, आमचा एक पोरगा आत्ता सफाळ्याला उतरेल. गळ्यात स्कार्फ आहे. बावळट दिसेल, तोच." पुढच्या डहाणू गाडीनं हरवलेला स्काऊट परत आला तो मामीकडे चहा-बटर खाऊन, आणि हातात आमच्यासाठी वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. कोणत्या स्टेशनला कोणाची मामी राहते याची बिनचूक यादी ज्याच्या डोक्यात आहे तो संघनायक, अशी माझी तेव्हापासूनची व्याख्या आहे. अहवालाच्या छापील फॉर्मात तिच्यासाठी रकाना नाही.

केळव्याच्या वाळूत तंबूच्या खुंट्या धरेनात. मी क्लोव्ह हिच गाठीची आकृती काढलेला तक्ता सुरूच्या झाडाला टांगला (आकृती उत्तम होती, छायाभेदासह). तोवर पापलेट संघानं खुंट्या फेकून देऊन गोणपाटांत वाळू भरली, ती दोरांना बांधून खड्ड्यांत पुरली आणि दोर ताणले. बांधताना त्यांचे डोळे हातांकडे नव्हतेच. गप्पा चालल्या होत्या, बोटं आपली फिरत होती. मी एक गाठ निरखून पाहिली. पुस्तकातली बोलाइन, तंतोतंत.

"ही कुठं शिकलास?"

"शिकलो नाय सर. बापूस होडीला मारतो ती."

मी खिशातून वही काढली, 'बोलाइन : उत्तीर्ण' लिहून सही केली. माझं शिकवणं बहुतेक असंच चालतं. ते करतात, मी सही करतो. बिनभांड्याच्या स्वयंपाकात पाड्यावरच्या मुलांनी पळसाच्या पानांत तांदळाच्या पिठाच्या पानग्या निखाऱ्यांवर भाजल्या, तेव्हा तर सही करायलाही हात मोकळा नव्हता.

राहता राहिली 'खरी कमाई'. मुलांनी स्वकष्टानं पैसे मिळवावेत म्हणून शाळेत दुकानं लावायची. बिबट्यांनी भेळ लावली, गरुडांनी सरबत. पालकांनीच घरून साहित्य द्यायचं आणि पालकांनीच येऊन विकत घ्यायचं, असा हा व्यवहार चालतो. त्यात खरं काय आणि कमाई कुठली हे मी विचारत नाही. पापलेट संघानं सुका जवळा आणि बोंबील आणले. दुपारपर्यंत सगळा माल संपला, आणि गणिताच्या बाईंनी नफ्याचं शेकडेवारीत उत्तर काढून माझ्याकडे संशयानं पाहिलं. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. विद्येच्या मंदिरात बोंबील, पुढल्या आठवड्यात तपासणी, पडद्यांना वास, असं बरंच झालं. मी स्काऊटला शोभेल अशा सावधान अवस्थेत ऐकून घेतलं.

दारात पोचलो तेव्हा मागून हाक आली.

"आणि सर, त्या संघाचा हिशेब अपुरा आहे. माझ्या पाव किलोचे पैसे त्यांनी अजून नेलेले नाहीत."