ज्ञानगंगेचा पूर आणि पाट

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि तिचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. शाळांच्या ऑनलाइन शिक्षणालाही हेच माप लावावं. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्ञान थेट नाकातोंडात गेलं. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली. प्रत्यक्षात सुरू झाला तो ‘आवाज येतोय का?’ हा प्रश्न. पोरं एकमुखानं ‘नाही’ म्हणत आणि गुरुजी बिचारे आवाज वाढवत. शाळा उघडल्या, पूर ओसरला, तेव्हा ‘ऑनलाइन फसलं’ असा निकाल लागला. पण पूर म्हणजे नदी नव्हे. हे शिक्षण पुरानं आलं की वाहून जातं, पाटानं आलं की मुरतं.

पुरावा नाशकातच आहे. गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठाचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. पण 1989 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठानं घरोघरी गंगा सोडताना हाती छापील पुस्तक दिलं आणि गावोगावी अभ्यासकेंद्रं उघडली. मिशा फुटलेल्या विद्यार्थ्यालाही दूरशिक्षणात जवळचं माणूस लागतं, तर तिसरीतल्या बंड्याची काय कथा! सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले. पुढे ते बालभारतीच्या पुस्तकांतही आले. पुस्तक कुणी फेकलं नाही, म्हणूनच त्यात मोबाइल शिरला.

कुणी म्हणेल, उत्तम शिक्षक आज फोनवर मिळतो, मग खेड्यातल्या पोरानं थांबायचं कशाला? आक्षेप रास्त आहे. पण सुरगाणा-पेठच्या कित्येक पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, आणि घरातला एकुलता फोन बापाच्या खिशातून द्राक्षबागेत मजुरीला गेलेला असतो. तिथे तो उत्तम शिक्षकही गावच्या गुरुजींचं बोट धरूनच पोहोचतो. दुसरा आक्षेप असा, की ‘हळूहळू’ हे आळसाचं सोवळं नाव आहे. तसं ते होऊ शकतं, म्हणून तर पाट म्हणायचं. पूर यायला नुसता पाऊस पुरतो. पाटाला कुदळ लागते, माणसं लागतात, आणि दरवर्षी गाळही उपसावा लागतो.

पुरानं मागे ठेवलेला सगळाच गाळ मात्र वाईट नाही. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यातच रुजला. ‘गृहपाठ काय दिला होता ते कळलंच नाही’ ही पिढ्यान्‌पिढ्या तरलेली सबब त्या पुरात बुडाली, ती पुन्हा काही वर आली नाही.