नोंद झाली, नोकरीचे काय? : करिअर सेंटरास अनावृत पत्र

प्रति,
मा. करिअर सेंटर
(पूर्वाश्रमीचे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, ऊर्फ सेवायोजन कार्यालय, ऊर्फ जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र)

विषय : नव्या नावाबद्दल अभिनंदन आणि जुन्या कामाबद्दल स्मरणपत्र.

महोदय,
स. न. वि. वि.

21 नोव्हेंबर 2025 रोजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, रिक्त पदे कळवण्याची सक्ती करणारा 1959 चा कायदा तिच्या पोटात गेला आणि कायद्याच्या पुस्तकात आपले नाव करिअर सेंटर झाले. मनःपूर्वक अभिनंदन. ऐंशी वर्षांचे वय आणि एवढे तरुण नाव, हा योग सर्वांच्या नशिबी नसतो. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामधंदा मिळावा म्हणून 1945 मध्ये आपला जन्म झाला. फाळणीनंतर निर्वासितांची सोय आपण पाहिली आणि 1948 पासून आपली दारे सर्वांना उघडी झाली. 1956 मध्ये दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. तेव्हापासून सरकारे आली, गेली, पाट्या बदलल्या, लाकडी कपाटातली कार्डे ‘महास्वयंम’ पोर्टलवर गेली, केंद्राने 2015 मध्ये राष्ट्रीय करिअर सेवेचे वेगळे पोर्टल काढले. पण आपल्या मूळ कामात आपण कधी खंड पडू दिला नाही. हे मूळ काम म्हणजे नोंद. जो येईल त्याचे नाव, जात प्रवर्ग, शिक्षण आणि पत्ता लिहून घ्यायचा, क्रमांक द्यायचा आणि मुदत संपत आली की नूतनीकरणाची आठवण द्यायची. पूर्वी दहावीचा निकाल लागला की घरातले वडीलधारे पहिले वाक्य म्हणत, ‘एक्स्चेंजमध्ये नाव घालून ये.’ नाव घातले जाई. पुढे ‘कॉल’ येण्याची वाट बघण्यात काहींची वयोमर्यादा उलटून जाई, पण नोंद शाबूत राही. एवढी निष्ठा आज दुर्मीळ आहे.

आपल्या कार्यक्षमतेवर शंका घेणारे लोक एक आकडा नेहमी पुढे करतात. 2010 नंतरच्या काही वर्षांत देशभरातल्या कार्यालयांच्या चालू नोंदवहीवर सुमारे चार कोटी नावे होती आणि वर्षभरात त्यांच्यामार्फत लागलेल्या नोकऱ्या काही लाखांत होत्या. म्हणजे शंभरांमागे एखादी. या आकड्यावरून आपल्याला झोडपणे अन्यायाचे आहे, हे मी आधीच मान्य करतो. नोंदवहीतले सगळेच काही बेकार नसतात. कोणी अजून शिकत असतो, कोणी छोट्यामोठ्या नोकरीत असून सरकारी जागेच्या आशेने कार्ड जिवंत ठेवतो, कोणाला काम मिळालेले असते पण नाव काढायला तो कशाला येईल? शिवाय आपण नोकऱ्या निर्माण करत नाही. कारखाना काढणे किंवा शाळेत शिक्षक नेमणे हे आपल्या हातात नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे काम मागणाऱ्यांची नोंद आहे, कामाची नाही. ज्या वधूवर सूचक मंडळात सगळी नोंद वरांचीच आहे आणि वधूपक्षाने कळवायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे, तिथे कितीही हुशार चालक बसवला तरी लग्ने जुळणार नाहीत. नोकरी शोधणाऱ्याला सगळ्यात आधी हवी असते ती एकच माहिती : जागा कुठे रिकामी आहे? ती त्याला चुलतभावाकडून मिळते, कंत्राटदाराकडून मिळते, व्हॉट्सॲपवरच्या खऱ्याखोट्या जाहिरातीतून मिळते. ती आपल्याकडून मिळावी अशी कायद्याची इच्छा होती. इच्छा होती, एवढेच.

1 मे 1960 रोजी, महाराष्ट्र राज्याच्या जन्मदिवशीच, तो कायदा अमलात आला. पंचवीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खाजगी आस्थापनांनी आणि सगळ्या सरकारी कार्यालयांनी रिक्त जागा आपल्याला कळवायच्या. मुलाखतीच्या निदान पंधरा दिवस आधी कळवायच्या. आणि निवड झाल्यावर कोणाची झाली हेही पंधरा दिवसांत कळवायचे. दर तिमाहीला ‘ईआर-1’ नावाचे विवरणपत्र भरायचे. हा कागद पाहण्यासारखा आहे. तिमाहीच्या सुरुवातीला किती माणसे होती, शेवटी किती, या काळात किती जागा रिकाम्या झाल्या, त्यातल्या किती कळवल्या, किती भरल्या, कोणत्या मार्गाने भरल्या, असे रकाने त्यात आहेत. पुढे एक रकाना असा की, सगळ्या जागा कळवल्या नसतील तर का नाहीत? कायदा मोडल्याची कबुली देण्यासाठी कायद्याच्याच फॉर्मात ठेवलेली इतकी सुबक जागा क्वचितच सापडेल. आणि न कळवल्यास शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला कमाल पाचशे रुपये, पुढच्या प्रत्येकाला कमाल हजार. ज्या काळात हा आकडा ठरला तेव्हा महिना साठ रुपयांपेक्षा कमी पगाराच्या जागा या कायद्यातून वगळलेल्या होत्या; म्हणजे पाचशे रुपये हा तशा माणसाचा आठ महिन्यांचा पगार होता. पुढची साठ वर्षे पगार वाढत गेले, पाचशे रुपये मात्र पाचशेच राहिले. शेवटी शेवटी तर वकिलाच्या पहिल्या तासाची फी दंडापेक्षा जास्त होती. शिवाय खटला भरायलाही अधिकृत अधिकाऱ्याची मंजुरी लागे, तेव्हा दंडापर्यंत गोष्ट जाणे हाच अपवाद.

आता नव्या संहितेने उंबरठा पंचवीसवरून वीस कामगारांवर आणला, हे स्वागतार्ह आहे. पण जुन्या कायद्यातले कळीचे वाक्य तिने जसेच्या तसे जपले : जागा कळवली म्हणून ती केंद्रामार्फतच भरण्याचे बंधन मालकावर नाही. यावर उद्योजक म्हणतील, आणि ते बरोबर म्हणतील, की माणूस निवडण्याचा हक्क आमचाच असला पाहिजे. सरकारने यादी पाठवावी आणि आम्ही डोळे मिटून घ्यावी, हा परवानाराज पुन्हा नको. मीही तो मागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सरकारी नेमणुकांबाबत हेच सांगितले, की केवळ एक्स्चेंजच्या यादीवर विसंबू नका, वर्तमानपत्रातही जाहिरात द्या, म्हणजे ज्याचे नाव यादीत नाही त्याचीही संधी जाणार नाही. निवड मोकळी असावी. पण निवड मोकळी असणे वेगळे आणि जागा झाकून ठेवणे वेगळे. मालकाकडे मी निवडीचा हक्क मागत नाही, बातमी मागतो. ती बातमी देणे कायद्याने साठ वर्षे सक्तीचे होते आणि आजही आहे. दंडाचे कलम कागदावर कितीही कडक केले, तरी तपासायला कोणी गेलेच नाही तर सक्ती आणि विनंती यांत फरक उरत नाही.

सक्ती आपल्या मातीत रुजत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने महाराष्ट्राचाच इतिहास वाचावा. 1969 चा माथाडी कायदा घ्या. हमालाला रोज सकाळी मुकादमाच्या तोंडाकडे बघावे लागे, तेव्हा राज्याने मंडळे उभी केली, मालक आणि कामगार दोघांची नोंद सक्तीची केली आणि मजुरी मंडळातच भरायला लावली. दोन्ही बाजू वहीत आल्याबरोबर त्या वहीला वजन आले. 1981 मध्ये हीच रीत खाजगी सुरक्षारक्षकांसाठी वापरली गेली. या मंडळांत बोगस नावे शिरली, काही ठिकाणी माथाडीच्या नावावर खंडणी चालते, अशा तक्रारी आहेत आणि त्यांतल्या सगळ्याच खोट्या नाहीत. पण ते दोष वहीला वजन आल्यामुळे शिरलेले आहेत. आपल्या वहीत शिरण्यासाठी कोणी खंडणी मागितल्याचे ऐकिवात नाही. दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली ही योजना 1977 मध्ये कायदा झाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या त्या कायद्यात एक साधी अट होती : काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर भत्ता द्या. भत्ता किती, तर दिवसाला किमान एक रुपया. रुपया किरकोळ होता, पण जबाबदारी कोणाची हे ठरलेले होते. कुदळ मागणाऱ्याला या राज्याने मुदत दिली. टायपिंगचे प्रमाणपत्र किंवा आयटीआयचा दाखला घेऊन आलेल्याला नोंदणी क्रमांक दिला.

आपण म्हणाल, आता आम्ही नुसती नोंद करत नाही, रोजगार मेळावेही घेतो. घेता, आणि दिमाखात घेता. महाविद्यालयाच्या पटांगणात मंडप पडतो, मान्यवरांच्या फोटोंचा फलक लागतो, उद्घाटनाला उशीर होतो, कंपन्यांच्या टेबलांपुढे बायोडाटांची चळत वाढत जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत इतक्या उमेदवारांची ‘प्राथमिक निवड’ झाल्याचे छापून येते. हा ‘प्राथमिक’ शब्द फार उपयोगाचा आहे. त्यातले किती जण प्रत्यक्ष रुजू झाले, कंपनीच्या पटावर घेतले गेले की कंत्राटदाराच्या, घरापासून तीनशे किलोमीटरवर त्या पगारात खोलीचे भाडे निघाले का आणि सहा महिन्यांनी किती जण त्या जागेवर उरले, हे दुसऱ्या दिवशीच्या बातमीत असणे शक्य नाही. खंत एवढीच की ते सहा महिन्यांनंतरच्या बातमीतही नसते. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली : बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकेला आठ, पदवीधराला दहा. प्रशिक्षण वाईट नाही. पण प्रशिक्षण संपल्यावर त्याच आस्थापनात जागा होती की नव्हती, हे सांगणारा रकाना आपल्याकडे नसेल, तर तो तरुण पुन्हा आपल्याच दारात येऊन नोंद नूतनीकृत करणार.

जर्मनीत 2002 साली तिथल्या लेखापरीक्षकांनी सरकारी रोजगार कार्यालयांची दप्तरे उघडली, तेव्हा ‘नोकरी लावून दिली’ म्हणून दाखवलेल्या नोंदींचा मोठा भाग चुकीचा निघाला. गहजब झाला, संस्थेच्या प्रमुखाला जावे लागले आणि सगळ्या यंत्रणेची फेररचना झाली. आपल्याकडे असला घोटाळा होण्याची अजिबात भीती नाही, कारण पडताळून बघावे असे आपण फारसे काही लिहूनच ठेवत नाही.

काही जण यावर तोडगा सुचवतील की बंदच करा ही केंद्रे; खाजगी संकेतस्थळे आहेत, एजन्सीज आहेत, बाजार आपले काम करतो. बाजार काही जणांचे काम करतो, हे खरे. इंग्रजीत बायोडाटा लिहिता येणाऱ्या, शहरात राहणाऱ्या, चार अनुभवपत्रे असलेल्या माणसाला आपली गरज नाही. पण नोकरी सुटलेला पंचेचाळिशीचा फिटर, मुले मोठी झाल्यावर पुन्हा कामाला निघालेली बाई, पहिल्यांदाच तालुक्याबाहेर पडणारा बारावी पास मुलगा, यांच्या वाट्याला बाजारातले जे दुकान येते तिथे पहिला प्रश्न असतो ‘रजिस्ट्रेशनचे किती देणार?’ ‘डिपॉझिट’ घेऊन गायब होणाऱ्यांच्या आणि परदेशातल्या नोकरीच्या नावाखाली गंडवणाऱ्यांच्या बातम्या दर महिन्याला येतात. फुकट, निःपक्ष आणि कायद्याला बांधलेला मध्यस्थ हवा, हे 1948 च्या आंतरराष्ट्रीय रोजगार सेवा कराराचे सूत्र आहे आणि भारताने तो करार 1959 मध्ये मान्य केला. एकीकडे मालक म्हणतात, कुशल माणसे मिळत नाहीत. ‘ईआर-1’ मध्ये या टंचाईसाठीही रकाना आहे. दुसरीकडे माणसे म्हणतात, काम मिळत नाही. या दोन तक्रारी ज्या टेबलावर समोरासमोर यायला हव्यात ते टेबल आपले आहे. म्हणून आपण बंद व्हावे असे मला वाटत नाही. आपण सुरू व्हावे, असे वाटते.

तेव्हा एक मागणी. प्रत्येक जिल्ह्याच्या केंद्राने दर तिमाहीला पाच आकडे दारावर आणि पोर्टलवर लावावेत : जिल्ह्यात वीस किंवा अधिक कामगारांची आस्थापने किती, त्यातल्या किती जणांनी जागा कळवल्या, एकूण जागा किती, केंद्रामार्फत रुजू किती झाले आणि सहा महिन्यांनी टिकले किती. न कळवणाऱ्यांवर कारवाई किती झाली हा सहावा आकडा धीर झाला तर लावावा. यासाठी नवा कायदा नको, नवे ॲप नको आणि पुन्हा नवे नाव तर मुळीच नको.

आणि नोकरी शोधणाऱ्या वाचकांना : नाव जरूर नोंदवा, ते फुकट आहे. मेळाव्याला जा, पण नेमणूक कोणाच्या पटावर, कुठे आणि हातात पगार किती, हे लेखी मागा. समुपदेशक असेल तर त्याच्यासमोर बसा. त्याचा पगार तुमच्याच करातून निघतो. केंद्राने वरचे आकडे लावले नाहीत, तर ते माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाची फी दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नोंदणीकृत हितचिंतक