चोवीस बिटांतल्या तीन शिट्ट्या

आमच्या लालबागच्या चाळीतल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. कारण अख्ख्या मजल्यावर लॅपटॉप ‘नीट बंद करणारा’ मी एकटाच.

लॅमिंग्टन रोडवर ऑडिओ इंटरफेस घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, “काम कशात करणार? फोर्टीफोर-वन, फोर्टीएट, की नाइन्टीसिक्स?” मी भेदरून म्हणालो, “चांगलं असेल ते द्या.” या एका वाक्यावर त्या रस्त्यावरचे कित्येक संसार सुखाने चालले आहेत.

घरी पुतण्याने शिकवणी घेतली. “काका, शिंपी आठवा. सेकंदाला कितीदा माप घ्यायचं, तो सॅम्पल रेट. टेपवरच्या रेघा किती बारीक, ते बिट.” सोळा बिटांत रेघा 65,536, चोवीसमध्ये 1 कोटी 67 लाखांच्या वर. माणसाचा कान फार तर 20,000 हर्ट्‌झपर्यंत पोचतो. त्याच्या दुपटीहून थोडी जास्त मापं घेतली की भागतं. म्हणून सीडीला 44,100. हा आकडाही कुणाच्या स्वप्नात आला नव्हता. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत: सेकंदाला 60 फील्ड, फील्डमागे 245 ओळी, ओळीत 3 मापं. गुणून बघा.

“पण शहाण्णव हजार नाही घेतले तर झांजेचे वरचे सूर जातील!” झांजवाला हटून बसला. ते सूर वटवाघळं ऐकतात, हे त्याला पटेना. शेवटी मोबाईलवर सगळ्यांच्या कानांची परीक्षा घेतली. 12,000 च्या पुढे मला नुसती शांतता. बुवा 8,000 वरच थांबले. झांजवाला परीक्षा संपल्यावर म्हणाला, “हं, कर सुरू.”

राहिले बिट. एका बिटामागे हळू-मोठ्या आवाजाचा पट साधारण 6 डेसिबलने वाढतो. सोळाचे 96, चोवीसचे कागदावर 144. पण एवढा पट वापरायचा तर तळाशी तेवढी शांतता हवी. आमची शांतता म्हणजे पंखा, “पाणी आलं गं!” अशी गॅलरीतली हाक आणि खाली ताशाची प्रॅक्टिस. हिशेब केला, तर आमची खोली जेमतेम आठ-नऊ बिटांची भरते.

तरी मी चोवीसच घेतले, ते बुवांसाठी. बुवा अभंग धरतात कानात गुपित सांगितल्यासारखा आणि गजराला पोचले की छताचे पोपडे पडतात. लेव्हल काठोकाठ ठेवली तर तिथे आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याच शिंप्याला शिवता येत नाही. चोवीस बिटांत लेव्हल वीस डेसिबल खाली ठेवली तरी रेघा उरतात. शहाण्णव हजारांत मिनिटाला सुमारे 35 एमबी जातात, अठ्ठेचाळीसमध्ये निम्मे. शिवाय व्हिडिओला अठ्ठेचाळीसच चालतात. ठरलं.

रेकॉर्डिंग झकास झालं. गजर कुठेही फाटला नाही. फक्त त्याच्या ऐन समेवर शेजारच्या काकूंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आल्या, एक कोटी सदुसष्ट लाख रेघांनिशी. व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्यावर भजन पिचकलं. शिट्ट्या मात्र खणखणीत राहिल्या. काकू कौतुकाने म्हणाल्या, “अगं बाई, हा तर माझा कुकर!” आणि त्यांनी ते रेकॉर्डिंग माहेरी पाठवलं.

तेव्हा घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनो, चोवीस बिट, अठ्ठेचाळीस हजार, लेव्हल खाली. आणि बटण दाबण्याआधी शेजारी विचारून या, आज भात आहे की राजमा. राजम्याला शिट्ट्या जास्त लागतात.