तीन सेंटीमीटरसाठी

आमच्या पडवीत वर्षभर चार टायर पडून होते. रिमसकट, एकावर एक रचलेले, वर निळी ताडपत्री. पावसाळ्यात ताडपत्रीच्या खळग्यात पाणी साचायचं, त्यात डास व्हायचे, आणि दर दोन दिवसांनी ते पाणी काढायचं काम माझ्याकडे. टायर माझ्या भाच्याचे. तो कल्याणला राहतो. नोकरीसाठी दीड वर्षाकरता परदेशी गेला आणि जाताना त्याची थार आमच्या दारात लावून गेला. सोसायटीत पार्किंग नाही, आणि गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरते. "मामा, चालवत राहा," म्हणाला. मी किन्हवलीच्या बाजूला राहतो आणि कामाला मुरबाडच्या एमआयडीसीत जातो. रस्ता सरळगाववरून. पावसाळ्यात दुचाकीवरून हे अंतर काटणं या वयात जिवावर येतं, म्हणून मला गाडी मिळाली याचा आनंदच झाला.

पडवीतले टायर हे गाडीचे मूळ टायर होते, कंपनीने दिलेले, २४५/७५ आर १६. जेमतेम सहा हजार किलोमीटर चाललेले, अजून रबराचे केस अंगावर असलेले. भाच्याने ते उतरवून २८५/७५ आर १६ चढवले होते, मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठी खोल खाचांचे. बोलताना सगळे त्याला 'तेहतीस इंची' म्हणतात. सोबत दोन इंचांची लिफ्ट किट. माझी तक्रार या टायरांबद्दल आहे. गाडी चांगली आहे, तिच्याबद्दल नाही.

गाडी बाजारात उभी केली की चारजण एकच विचारतात, "किती देते?" आमच्याकडे हा प्रश्न फालतू नाही. भेंडीचे क्रेट घेऊन रात्री वाशीच्या मार्केटला जाणारा पिकअपवाला आपला ॲव्हरेज दशांशापर्यंत सांगतो, कारण त्याच्या महिन्याची शिल्लक त्या दशांशात असते. टोकावड्याकडे, डोळखांबकडे माणसं नेणारे जीपवालेही तसेच. मात्र मोठ्या टायरांच्या गाडीवाल्याला विचारा. तो आधी हसतो, मग म्हणतो, "बारा-तेरा देते की." कशावरून? समोरच्या डिस्प्लेवर एकदा तसं दिसलं होतं म्हणून. माळशेज उतरताना त्या डिस्प्लेवर कुठलीही गाडी भरमसाट आकडा दाखवते. भाच्याने मला पाठवलेला फोटो असाच होता, उताराचा.

मी डिस्प्लेवर विश्वास ठेवत नाही. टाकी फुल करायची, पंपाच्या नळीने पहिला कट घेतला की थांबायचं, किलोमीटर लिहायचे, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर, शक्यतो त्याच नळीवर, तसंच पुन्हा भरायचं. मध्ये गेलेलं डिझेल आणि मध्ये गेलेले किलोमीटर, एवढाच हिशेब. एका टाकीवर बोलायचं नाही, चार-पाच टाक्या लिहायच्या. हे करायला वही आणि पेन पुरतं.

आणि इथेच माझी पहिली लहानशी, पण दर दहा-बारा दिवसांनी होणारी चिडचिड आहे. नळी कट होते. यंत्रावर ३,८७४ रुपये दिसतात. पंपावरचा मुलगा माझ्याकडे न बघता विचारतो, "चार हजार करू ना साहेब?" आणि उत्तर येण्याआधी त्याने नळी पुन्हा दाबलेली असते. टक, टक, टक. फेस वर येतो, खाली जातो, पुन्हा टक. राउंड फिगर करायला दीड लिटरच्या आसपास डिझेल जादा जातं आणि माझ्या वहीतला आकडा तीन दशांशांनी बिघडतो. तो मुलगा वाईट नाही. सुट्टे पैसे नसतात, मागे रांग असते. पण मी आता गाडीतून खाली उतरून नळीजवळ उभा राहतो आणि आधीच सांगतो, "पहिल्या कटला थांब, बाळा. पैसे मी मोजून देतो." हे दर वेळी सांगावं लागतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठ्या टायरांवर पाच टाक्या लिहिल्या. सरासरी आली ९.१. मला पटेना. रस्ता तोच, मीच चालवणारा, एसी क्वचित. मग लक्षात आलं की मी किलोमीटर गाडीच्याच मीटरवरून घेतोय, आणि त्या मीटरला टायर बदलल्याचं कुणी सांगितलेलंच नाही.

मीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. मूळ टायरचा व्यास ७७४ मिलिमीटर, त्याचे एका किलोमीटरला ४११ च्या आसपास फेरे होतात. नवा टायर ८३४ मिलिमीटरचा. त्याला ३८२ फेरे पुरतात. गाडी खरी एक किलोमीटर गेली, तरी मीटर म्हणतो अजून पोचायचंय. एका रविवारी मुलीला शेजारी बसवून नाशिक महामार्गावर गेलो. वासिंदच्या पुढच्या एका दगडापासून खर्डीच्या दिशेने २० दगड तिने मोजले, एकेक मोठ्याने. विसाव्या दगडाशी मीटरवर १८.६ झाले होते. म्हणजे वहीतला ९.१ खरा ९.८ होता. ज्यांचा ॲव्हरेज टायर घातल्यावर 'धाडकन पडला' त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा थोडा हिस्सा असा नुसता मोजणीत पडलेला असतो. हे सांगणं मला न्यायाचं वाटतं, कारण मोठ्या टायरांविरुद्ध बोलायचं तर खऱ्या आकड्यावर बोलावं.

वेगाच्या काट्याचं थोडं निराळं असतं. कंपन्या तो मुळातच किंचित जास्त दाखवेल असा ठेवतात. पण मोठे टायर चढवले की ती सवलत संपते. काटा ८० वर बघून निर्धास्त असलेला माणूस ८५ च्या पुढे असू शकतो, आणि गाडीला थांबायला अंतर जास्त लागतं.

आता खरा खर्च. एप्रिल-मे मध्ये पडवीतले जुने टायर चढवून चार टाक्या लिहिल्या. उन्हामुळे एसी बहुतेक वेळ चालू, म्हणजे परिस्थिती जुन्यांच्या विरुद्धच. सरासरी १२.३. मी महिन्याला साधारण हजार किलोमीटर चालवतो. जुन्यांवर ८१ लिटर, नव्यांवर १०२. लिटरला ९० रुपये धरले तरी महिन्याला १,८०० च्या वर गेले, वर्षाला बावीस हजार. हे पैसे माझे. घरात मुलीची फी आहे, आईची औषधं आहेत.

हे डिझेल जातं कुठे, याचं उत्तर गाडी चालवतानाच मिळतं. किन्हवली ते सरळगाव प्रत्येक गावाला, प्रत्येक शाळेला गतिरोधक. शाळेपुढे तो हवाच. पण दर गतिरोधकाला गाडी थांबल्यासारखी होते आणि पुन्हा उचलावी लागते. टायर आणि रिम मिळून चाक जड झालेलं, आणि ते वजन कडेला, जिथे ते फिरवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. ज्याने विहिरीवरचा जड रहाट हाताने फिरवलाय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्यात व्यास वाढल्यामुळे सगळे गिअर जणू एका पायरीने वर सरकले. जुन्या टायरांवर जो चढ तिसऱ्यात सहज जायचा तिथे आता दुसरा टाकावा लागतो, इंजिन ओरडतं. खोल खाचांच्या रबराचे ठोकळे डांबरावर दबतात, सुटतात, दबतात. तो सगळा घोंघाट म्हणजे वाया जाणारी शक्तीच आहे. महामार्गावर आसनगाव सोडल्यावर त्यात वारा येतो. गाडी उंच झाली, चाकं बाहेर आली, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठावरून नव्वदला गेलं की तो सव्वादोन पट होतो. आणि हवा. चिखलात जाताना पकड मिळावी म्हणून हे लोक टायरातली हवा काढतात, हे तंत्र बरोबरच आहे, पण परत भरायला विसरतात. रविवारी संध्याकाळी धसई, मुरबाडकडून कल्याणला परतणाऱ्या गाड्यांची चाकं खाली बसलेली मी डोळ्यांनी बघतो.

मग जाहिरातीतला ॲव्हरेजचा आकडा खोटा का? नाही. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत काढतात. गाडी रोलरवर उभी करून, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत-कमी करत, जास्तीत जास्त ताशी ९० पर्यंत, एसी बंद ठेवून. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणजे तुलना करता येते. पण त्या रोलरवर कसारा घाट नसतो. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलांपासून लेबलावरच्या आकड्यासाठी वेगवान रस्ता, एसी आणि थंडी धरून पाच चाचण्यांचा हिशेब करतात. युरोपने २०१७ पासून जुनी चाचणी सोडून प्रत्यक्षाच्या जवळ जाणारी नवी घेतली. आपल्यालाही तसा आकडा मिळायला हवा. आणि कुठल्याही देशात, तो आकडा कंपनीने दिलेल्या टायरांचा असतो. टायर बदलले की तो आकडा आपला राहत नाही, हे टायर विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला तोंडाने सांगितलं पाहिजे. भाच्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच सांगितलं की गाडी 'भारी दिसेल'.

आता या सगळ्याच्या बदल्यात मिळालं काय ते सांगतो. टायरचा व्यास ६० मिलिमीटरने वाढला. जमिनीपासून ॲक्सलची उंची वाढते ती त्याच्या निम्मी, ३० मिलिमीटर. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, मागचा ॲक्सल जिथल्या तिथेच राहतो. म्हणजे दगडाला जे आधी लागतं ते तीन सेंटीमीटर वर गेलं. दोन बोटं आडवी धरा, तेवढं.

आणि या तीन सेंटीमीटरची इथे गरज कुणाला आहे? शहापूर-मुरबाडचा चिखल मी लहानपणापासून तुडवतोय. वर वीतभर राड, खाली मुरूम नाहीतर कातळ. अशा जागी अरुंद चाक राड कापून खाली टेकतं आणि पकड घेतं; रुंद चाक वरच तरंगतं. १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत महिंद्रांनी ज्या विलिस जीप जोडायला घेतल्या त्यांचे टायर सहा इंच रुंद होते, म्हणजे १५२ मिलिमीटर. त्या जीपची जात महायुद्धाच्या चिखलातून आलेली होती. बोलेरोला २१५ चे टायर असतात आणि ती भर श्रावणात गोरखगडाखालच्या देहरीपर्यंत माणसं, सिमेंट आणि शेळ्या घेऊन जाते. थार नाशिकलाच बनते. नव्या थार लादलेले कंटेनर कसारा उतरून आमच्या शहापूरवरून मुंबईकडे जातात. ज्यांनी ती बनवली त्यांनी २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स मोजूनमापूनच ठेवला असणार. आमच्या दोन तालुक्यांत त्या उंचीला अडेल असा रस्ता मला अजून भेटलेला नाही. जिथे रस्ताच नाही, तिथे भाताचे बांध आहेत, आणि तिथे गाडी घालायचीच नसते.

बारीकसारीक त्रास तर किती. आईचे गुडघे दुखतात. लिफ्ट आणि टायर मिळून पायरी इतकी वर गेली की तिला चढवायला घरातून प्लॅस्टिकचं स्टूल न्यावं लागे. दवाखान्यासमोर उतरतानाही ते स्टूल, लोकांच्या देखत. तिने दोनदा जायचंच टाळलं. भाच्याने टायर चारच घेतले, पाचवं, मागे टांगलेलं जादा चाक जुन्याच मापाचं राहिलं. पंक्चर झाल्यावर ते लावलं तर एका ॲक्सलवर दोन व्यासांची चाकं, डिफरन्शियल सतत राबणार, आणि फोर-व्हील टाकायची तर सोयच नाही. म्हणजे जिथे अडकायची शक्यता, नेमकी तिथेच गाडी निकामी. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की आतलं अस्तर घासतं, खर्रर्र. आरटीओत विचारलं का, तर तेही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल काय म्हणतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर काय सांगितलं, ते वाचून मगच पाना हातात घ्यायला हवा होता.

पण सगळ्यात जास्त मला लागलं ते गेल्या वर्षीच्या जुलैमधलं, मोठे टायर चढवलेले असतानाचं. रुंद टायर, बाहेर काढलेल्या रिम, म्हणून चाकं मडगार्डच्या दोन बोटं बाहेर. किन्हवलीच्या अलीकडे खड्ड्यात पाणी होतं. मी वेग कमीच ठेवला होता. तरी चाकाने उडवलेला गढूळ फवारा कडेने चाललेल्या शाळेच्या मुलींवर गेला. मी थांबलो, उतरलो, माफी मागितली. त्यातली एक काही बोलली नाही, नुसती दप्तर पोटाशी धरून उभी राहिली. पांढरा शर्ट कमरेपर्यंत लाल. शाळा भरायला दहा मिनिटं होती.

उन्हाळ्यात टायर बदलल्याचं भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, अशी गाडी कोण ॲव्हरेज बघून घेतं का?" मी त्याला विचारलं, मग डिझेल कोण बघून भरतं? तो गप्प झाला, मग म्हणाला, आल्यावर परत चढवू. मी त्याला वहीची पानं पाठवली, दोन्ही टायरांची. त्याने अंगठा पाठवला.

आता गाडी जुन्या टायरांवर आहे आणि आई स्वतः चढते. मोठे चार पडवीत आहेत. त्यांना जुन्यांपेक्षा जास्त जागा लागते. ताडपत्री पुरत नाही, म्हणून दोन जोडल्या. दिवाळीच्या आगेमागे भात झोडून होईल आणि पोती ठेवायला मला ती पडवी लागते. भाच्याला तारीख कळवली आहे. तोवर कल्याणहून कुणी येऊन ते नेले नाहीत, तर मी ते अंगणात काढणार आहे.