बॅटरीवाला

रोबोटिक्सच्या टीममध्ये एक कोडवाला असतो, एक मेकॅनिकलवाला असतो आणि स्पर्धेच्या फोटोत रिमोट घेऊन मधोमध उभा राहणारा ड्रायव्हर असतो. फोटोत जो नसतो तो बॅटरीवाला. फोटोच्या वेळी तो हॉलमधल्या एकुलत्या एक चालू प्लगपाशी उकिडवा बसलेला असतो.

असा एक आमच्या तारोडीत आहे. कॉलेजच्या लॅबला संध्याकाळी कुलूप लागतं, म्हणून टीमच्या लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या याच्या सॅकमधून भाईंदर स्टेशन, तिथून उत्तनची बस असा प्रवास करत घरी येतात. बसमध्ये सॅक मांडीवरच. कोणी म्हणालं, "ठेव रे खाली," तर हा म्हणतो, "काका, यात जीव आहे."

बॅटऱ्यांना नंबर आहेत, पण तो बोलतो सुनांबद्दल बोलल्यासारखा. "सात नंबर गुणी आहे, दम कमी. तीन नंबर मात्र खोटारडी." खोटारडी अशी की मीटरवर पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवते आणि मोटारी फिरू लागल्या की भसकन खाली येते. म्हणून त्याचं पालुपद, "वर किती दिसतंय ते सोड, लोडखाली किती?" परवा त्याच्या आत्याने ताईसाठी स्थळ आणलं. मुलगा शांत, पगार बरा, सगळे खूश. हा कोपऱ्यातून म्हणाला, "लोडखाली बघितलंय का?" आई ओरडली खरी, पण त्यानंतर चौकशी नव्याने सुरू झाली.

चार्जिंग हा त्याचा नित्यनेम. मातीची कुंडी, तिच्यात बॅटरी, शेजारी कोरड्या वाळूची बादली. आजीने मायेने बोंबलाचा घट्ट झाकणाचा डबा पुढे केला, तेव्हा हा दचकलाच. बॅटरी फुगली, तिच्यातून वायू निघाला, तर त्याला वाट हवी. बंद डब्याचा बॉम्ब व्हायचा. पाच हजार मिलीअँपिअर-अवरची बॅटरी तो पाच अँपिअरनेच भरतो. मित्र फोनवर म्हणतात, "दहावर टाक ना, लवकर होईल." हा फोन ठेवतो. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला समान आल्याशिवाय तो अंथरुणाला पाठ टेकत नाही. वहीत तारीख, सेलचे व्होल्ट, आतला रोध अशी नोंद होते. त्या वहीइतकी स्वच्छ त्याची जर्नल असती, तर वडिलांचा रक्तदाब वाढला नसता. तसा तो वाढायला दुसरंही कारण आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात आणि ते घासायला घरातला सर्वांत मऊ ब्रश वडिलांचा असतो.

पावसाळ्यात लाईट गेली की सगळी आळी "गेली रे" म्हणते, हा ओरडतो, "ब्याण्णव टक्के झालं होतं!" त्या अंधारात कोणी मोबाईलपुरती बॅटरी मागितली तर उत्तर एकच, "मॅचची आहे." स्पर्धा संपल्यावर बाकीचे वडापाव गाठतात, तेव्हा हा उरलेल्या बॅटऱ्यांचा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणत बसतो. लिपो भरून ठेवली तरी खराब होते, पार रिकामी केली तरी मरते. त्याच्या वाटणीचा वडापाव थंड होतो, त्याची नोंद मात्र वहीत नसते.

२००८ साली पुण्यात आशिया-पॅसिफिकच्या विद्यार्थ्यांची रोबोकॉन ही रोबोट स्पर्धा झाली, तिचा विषयच 'गोविंदा' होता. यंत्रांनी हंडीतलं लोणी काढायचं. चीनचा संघ जिंकला. ही गोष्ट कोणी सांगितली की आमचा बॅटरीवाला विचारतो, "लोणी कोणी काढलं ते कळलं. बॅटऱ्या कोणी चार्ज केल्या होत्या?"

याचं उत्तर आजवर त्याला कोणी दिलेलं नाही. जिंकलं की ड्रायव्हर भारी, हरलं की "बॅटरी डाऊन होती" हा आपला जुना न्याय आहे. तेव्हा तुमच्या शेजारी असं पोर असेल, तर रात्री दोनला त्याच्या खिडकीत दिवा दिसला म्हणून कुजबुजू नका. आणि पुढच्या वेळी टीमचा फोटो काढाल, तेव्हा जरा प्लगपाशी जाऊन काढा.